महारुद्रचे एकोणीस

पेडगावकडच्या शाळांत पेपर सुटला की पोरं एकमेकांना पेपर कसा गेला ते विचारत नाहीत. विचारतात, "पुरवण्या किती?" उत्तरपत्रिका भरली की वर जोडायला जो कोरा कागद मागून घ्यायचा ती पुरवणी, आणि ती मागायला भर वर्गात उभं राहावं लागतं. त्यामुळे हुशारीची दवंडी आपोआप पिटली जाते. दोन घेतल्या तर पोरगं बरं, तीन घेतल्या तर हुशार, आणि एकही घेतली नाही तर त्याने मागच्या गल्लीने घरी जावं हे बरं.

भुजंगचा महारुद्र तीन घ्यायचा. नववीच्या सहामाहीत भूगोलाच्या पेपराला तो तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. निकाल लागला तेव्हा चाळीसपैकी सहा पडले होते. पोरांनी खुलासा केला की मॅडमनी पुरवण्या वाचल्याच नसणार. महारुद्रनेही मान डोलावली.

पण उत्तरा मॅडमनी त्या वाचल्या होत्या. त्या परभणीहून रोज स्कूटीवर येत, भूगोल शिकवत, आणि पेपर तपासताना ओळ न् ओळ वाचायची वाईट खोड त्यांना होती. महारुद्रच्या तिन्ही पुरवण्यांत एकही उत्तर नव्हतं. त्याने प्रश्नपत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवून काढली होती, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती. मॅडमना आधी राग आला. मग त्यांच्या लक्षात आलं की समोर छापलेलं बघून उतरवतानाही याच्या ओळी मोडल्यात. कुठे काना गळालाय, कुठे पुढचं अक्षर मागे गेलंय, आणि एकाच शब्दाची दोन पानांत तीन रूपं झालीत.

त्यांनी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं. आता दोन छड्या बसणार या हिशोबाने तो हात पुढे करूनच उभा राहिला.

"हे प्रश्न कशाला उतरवलेस?"

"कायतरी लिवायला पायजे ना मॅडम. समदे लिवायलेत आन् मी एकटाच बसलेला कसा दिसेल?"

मॅडमनी मग तेच प्रश्न तोंडी विचारले. दहापैकी सहांची उत्तरं त्याने धड दिली. वर्गात कधी काय शिकवलं, तेव्हा कोण मध्ये बोललं, हेसुद्धा सांगितलं.

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. अशा पोरांच्या गोष्टींत पोरगं पुढे हमखास चित्रकार निघतं, नाहीतर एखादं यंत्र खोलून जोडून दाखवतं. महारुद्र तसा कुणी नव्हता. त्याच्या चित्रातला बैल बापालाही शेळी वाटायचा, आणि क्रिकेटमध्ये त्याला घ्यायचे ते चेंडू आणायला. ऐकलेलं त्याच्या ध्यानात राहायचं, एवढंच. बाकी तो चार पोरांसारखा पोरगा होता आणि वाचायला बसला की अक्षरं त्याला दाद देत नसत.

त्याचं दुर्दैव असं की निकिता त्याच अंगणात राहत होती. भुजंग आणि त्याचा धाकटा भाऊ बजरंग यांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, अंगण मात्र एकच. निकिता बजरंगची. महारुद्रपेक्षा अकरा महिन्यांनी लहान, एक वर्ग मागे, आणि बालवाडीपासून पहिली. दरवर्षी निकाल लागला की बजरंग फाट्यावर फ्लेक्स लावायचा. त्यावर निकिताचा फोटो, खाली 'शुभेच्छुक' म्हणून साऱ्या भावकीची नावं. एका वर्षी शुभेच्छुकांत महारुद्रचंही नाव छापलं होतं. त्याला ते वाचायला बराच वेळ लागला, आणि वाचून झाल्यावर वाटलं, नसतं वाचलं तर बरं झालं असतं.

"निकिताला बघ," हे घरातलं नेहमीचं वाक्य. भाकरी उशिरा खाल्ली तरी निकिताला बघ, चप्पल हरवली तरी निकिताला बघ. पोरगी वाईट नव्हती. पण कुणालाही रोज उठून दुसऱ्याकडे बघायला लावलं तर त्या दुसऱ्याची चीड येणारच.

पाचवीतच महारुद्रने ठरवलं होतं की आपण ढ म्हणून नाही, वात्रट म्हणून ओळखलं जायचं. त्याने फळ्याला मेण फासलं, घंटा अर्धा तास आधी वाजवली, पुस्तक मुद्दाम घरी विसरलं. मार खाल्ला. त्याच्या बदल्यात त्याला बापाच्या तोंडचं एक वाक्य मिळालं. भुजंग चार माणसांत म्हणायचा, "डोस्कं लय तेज हाय त्याचं, पर करतच न्हाई. केलं तर पयला येईल." हे वाक्य म्हणजे महारुद्रची सारी इस्टेट होती. ती राखायची तर एक पथ्य पाळायला हवं होतं: अभ्यास करताना कुणाला दिसायचं नाही. एकदा का मनापासून अभ्यास केला आणि तरी आलं नाही, तर वाक्य संपलं.

म्हणून उत्तरा मॅडम घरी आल्या आणि म्हणाल्या की याला तपासणीला न्या, प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ मिळेल, लिहायला लेखनिक मिळेल, तेव्हा सगळ्यात जास्त महारुद्रच बिथरला.

भुजंगने विचारलं, "म्हंजे डोक्यात फरक हाय का त्याच्या?"

"डोकं चांगलं आहे. अक्षर ओळखायला त्याला त्रास होतो. डोळ्यांचा दोष नाही आणि आळसही नाही."

आई बबिता पदराशी चाळा करत म्हणाली, "कागदावर आलं की जन्माचं झालं, मॅडम. उद्या लग्नाला कुणी काढलं म्हंजे?"

"मला नको," महारुद्र म्हणाला. "मी करतच न्हाई अभ्यास. केला तर येईल मला."

मॅडम महारुद्रकडे बघत राहिल्या आणि त्यानेच मान खाली घातली. पुढच्या महिन्यात भुजंग त्याला औरंगाबादला घेऊन गेला.

तिथल्या सरकारी दवाखान्यात बाकावर शेजारी अथर्व नावाचा परभणीचा एक मुलगा बसला होता. इंग्रजी शाळेतला, पायात पांढरे बूट, आई शिक्षिका. त्याला आत बोलावून एक परिच्छेद वाचायला दिला, आणि दाराच्या फटीतून महारुद्रने ऐकलं की तो दर शब्दाला अडखळतोय. महारुद्रला आनंद झाला. दया वगैरे नाही, चक्क आनंद. एवढे पांढरे बूट, घरात मास्तरीण, आणि तरी याची गत आपल्यासारखीच. परतीच्या एसटीत त्याला या आनंदाची थोडी लाज वाटली, पण बऱ्याच दिवसांनी झोप मात्र छान लागली.

प्रमाणपत्र आलं. दहावीचं वर्ष सुरू झालं, आणि सराव परीक्षेपासूनच लेखनिक द्यायचं ठरलं. नियम असा की लेखनिक खालच्या वर्गातला हवा, म्हणजे त्याला उत्तरं ठाऊक नसतात. नववीच्या पोरांच्या घरी विचारलं, तर प्रत्येकाने आपल्या पोराचा अभ्यास बुडेल म्हणून हात झटकले. एकटा बजरंग लगेच तयार झाला. "घरचंच पोरगं हाय," तो म्हणाला. "निकिता लिवील."

"दुसरं कुणीबी द्या मॅडम," महारुद्रने गयावया केली. "ती नको."

पण दुसरं कुणी नव्हतं. आणि नियम करणाऱ्याला काय माहीत की निकिताने दिवाळीच्या सुट्टीत वाचायला काही उरलं नाही म्हणून महारुद्रची दहावीची पुस्तकं वाचून संपवली होती!

प्रयोगशाळेत दोघांना वेगळं बसवलं. तो हळू आवाजात सांगायचा, ती लिहायची. भूगोलाच्या पेपरात तो अडला की ती तेवढ्यात पान उलटायची, आणि तिचा हात काही थांबायचा नाही. महारुद्रला वाटलं, वळणदार लिहायला वेळ लागत असेल. तिने काय लिहिलं ते त्याला वाचता येत नव्हतं. छापलेलं अक्षर तरी जागेवर उभं असतं, निकिताचं अक्षर म्हणजे पळती गाडी.

भूगोलात त्याला चाळीसपैकी चौतीस पडले.

भुजंगने उत्तरपत्रिकेचा फोटो काढून मोबाइलवर स्टेटस ठेवलं. लोकांचे अंगठे आले, हार आले, कुणी वाघाचं चित्र पाठवलं. बबिताने शिरा केला. "मी म्हणलो न्हवतो?" भुजंग दिसेल त्याला सांगत सुटला. "डोस्कं तेज हाय." महारुद्र त्या दिवशी पुढच्या गल्लीने दोनदा गेला, दुसऱ्यांदा काही काम नसताना. एवढं सुख त्याला आजवर कुणी दिलं नव्हतं.

ते एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात नमुना म्हणून त्याचं एक उत्तर वाचून दाखवलं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात लोकवस्ती विरळ का? "दमट व रोगट हवामान, घनदाट वने, दुर्गम प्रदेश आणि वाहतुकीच्या सोयींचा अभाव," मॅडम वाचत होत्या. "बघा, किती मुद्देसूद." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

महारुद्र टाळ्यांत बसला होता आणि त्याचे कान गरम झाले होते. त्याला आपलं उत्तर शब्दन् शब्द आठवत होतं. तो म्हणाला होता, "झाडी लय दाट हाय, आन् पाऊस उघाडच देत न्हाई, मग माणूस पेरील कधी आन् खाईल काय?" दुर्गम हा शब्द त्याच्या तोंडून जन्मात कधी निघाला नव्हता.

संध्याकाळी निकिता हौदावर पाणी भरत होती. त्याने तिला गाठलं.

"निके, खरं सांग. मी सांगितलं तेच लिवलंस का?"

"तेच लिवलं, दादा. जरा चांगलं करून लिवलं."

"आन् जे मी सांगितलंच न्हाई?"

तिने कळशी हौदाच्या काठावर ठेवली. "मला येत होतं. मग कोरं कसं सोडू? हात थांबतच न्हाई माझा." मग एकदम चिडून म्हणाली, "मी काय वाईट केलं का तुझं? मोठे अण्णा किती खूश हायत बघ. आन् तुला कमी पडले असते तर मलाच म्हणले असते, हिनं नीट लिवलं न्हाई. माझा एक मार्क कमी झाला तर आमच्या घरात दोन दिस कुणी धड बोलत न्हाई, म्हाईत हाय का तुला?"

हे त्याला माहीत नव्हतं. फ्लेक्सवर तसं काही छापलेलं नसतं.

पुढचे दोन दिवस महारुद्रने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. गप्प बसलं तर चौतीस आपले. बापाची मान ताठ, निकिता सुरक्षित. बोललं तर पुन्हा ढ, वर निकिताला बोल, आणि दोन घरांत भांडण. शहाण्या माणसाने गप्पच बसावं असा हा हिशोब होता. पण पोरं 'कसं केलंस रे?' म्हणून विचारायची आणि त्याला सांगायला काही नसायचं. सहा पडले होते तेव्हा निदान ते सहा कुठून आले हे त्याला सांगता येत होतं. चौतीसमध्ये आपण किती आहोत हेच कळत नव्हतं, आणि ते कळलं नाही तर बोर्डाच्या परीक्षेतही कळणार नव्हतं. आपल्याला खरंच येतं का, एवढा एकच प्रश्न त्याला लहानपणापासून पडला होता आणि त्याचं उत्तर दुसऱ्याच कुणीतरी लिहून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो मॅडमकडे गेला. "मॅडम, ते मार्क माझे न्हाईत."

सारं ऐकून मॅडमनी कपाळाला हात लावला. "चूक माझी. तिथे कुणीतरी मोठं बसवायला हवं होतं. शनिवारी दुसरा पेपर काढते. लेखनिक वेगळा बघू."

"निकिताच द्या," तो म्हणाला. "सांगितलं तेवढंच लिवायचं हे तिला आता म्हाईत हाय. पर तिला रागवू नका."

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर तिघं प्रयोगशाळेत बसली. यावेळी प्रत्येक उत्तरानंतर महारुद्र म्हणायचा, "वाच." निकिता वाचायची. एखादा शब्द तिने परस्पर सुधारला असेल तर तो म्हणायचा, "हे मी न्हाई म्हणलो. खोड." ती तोंड वाकडं करून खोडायची. चार प्रश्न असे झाले.

पाचव्या प्रश्नाला त्याने ब्राझीलची राजधानी रिओ म्हणून सांगितली आणि निकिताचं पेन थांबलं. ती बोलली नाही, खुणावलंही नाही. नुसतं पेन थांबलं. महारुद्रला कळलं की चुकलं. दुसरं नाव त्याच्या ओठांवर आलंसुद्धा. पण ते त्याने गिळलं.

"लिही. रिओच लिही."

"पर दादा..."

"तू थांबलीस की मला कळतंय. थांबू नको."

पण तिला ते जमेना. चुकीचं लिहिताना पोरीचा हात आपोआप जड व्हायचा आणि तोंडावर तर सगळं स्वच्छ दिसायचं. शेवटी महारुद्र उठला, त्याने आपलं स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. उरलेला पेपर त्याने भिंतीला सांगितला. उत्तरा मॅडम खिडकीपाशी वही तपासत होत्या, त्यांनी बराच वेळ पान उलटलं नाही.

मॅडमनी पेपर तिथेच तपासला. एकोणीस पडले. पास व्हायला चौदा लागतात.

घरी जे व्हायचं ते झालंच. "चौतीसचे एकोणीस करून आला!" भुजंग अंगणात उभा राहून ओरडला. "तुला कुणी इचारलं होतं का रं? कुणाला कळलं होतं?"

"मला कळलं होतं, अण्णा."

बजरंगही बाहेर आला. "माझ्या पोरीला चोर ठरवलं ह्यानं. उपकाराची फेड हाय ही."

"म्याच केलतं, बाबा," निकिता दारातून म्हणाली. "त्यानं सांगितलं न्हवतं, म्या माझ्या मनानं लिवलं होतं." बजरंगने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ही कुणा दुसऱ्याचीच पोरगी आहे. मग तो आत निघून गेला. भुजंगही पुढे काही बोलला नाही. जेवतानाही नाही. बबिताने दोघांच्या ताटात न विचारता भाकरी वाढली.

महारुद्रला त्या रात्री वाटून गेलं की आपण मूर्ख आहोत. आपली इस्टेट आपण आपल्या हाताने उधळली. 'केलं तर पयला येईल' हे वाक्य आता बाप कधीच म्हणणार नव्हता. यापुढे 'केलं आन् एकोणीस पडले' एवढंच म्हणता येणार होतं.

रविवारी सकाळी भुजंगला फवारणीच्या पंपाचा वायसर आणायला परभणीला जायचं होतं. "चल," तो महारुद्रला म्हणाला. सोबत कशाला ते सांगितलं नाही. फाट्यापर्यंत दोघं चालत गेले. एसटीला वेळ होता म्हणून परमेश्वरच्या हॉटेलात टेकले. हॉटेल म्हणजे चार पत्रे आणि दोन बाकडी, पण गावातली कोणतीही गोष्ट गावाला कळायच्या आधी परमेश्वरला कळते. आज मात्र तो एका बातमीने मागे होता.

चहाचे कप ठेवत तो सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या या, भूगोलवाले! स्टेटस पाह्यलं मी, भुजंगराव. चौतीस म्हणं? बजरंगच्या पोरीच्या बरोबरीला आला की हो!"

बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. महारुद्रने कप उचलला आणि परत खाली ठेवला. बाप हो म्हणेल, विषय संपेल, आणि आपणही गप्प बसू, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर बापाने हो म्हणावं असंही त्याला थोडंसं वाटलं.

भुजंगने बशीत चहा ओतला. फुंकर मारली.

"चौतीस न्हाई," तो म्हणाला. "ते निकितानं लिवलेले होते. ह्याचे एकोणीस हायत."

परमेश्वरचा चेहरा पडला. "एकोणीस? म्हंजे लय कमी झाले की."

"कमी कुठं?" भुजंग म्हणाला. "पयले सहा होते."

तो बशी तोंडाला लावून चहा प्यायला लागला. महारुद्रने बापाकडे पाहिलं. त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि या दोन्हींपैकी काय लपवावं ते न कळून तो एसटी आली का बघायला उठला.